चार बोटांचं पाणी

माझ्या आईला बरोबर घेऊन मासे आणायला जाऊ नये, हे शहाणपण मला दर आखाडात नव्यानं सुचतं आणि पुढच्या आखाडापर्यंत मी ते विसरून जाते. औंदाही तेच झालं. जुळे सोलापुरातून रिक्षा करून आम्ही दोघी बाजारात गेलो. श्रावण लागायला थोडेच दिवस उरलेले, त्यामुळे सगळं शहर उद्यापासून उपाशीच राहायचंय अशा घाईनं पाट्यांभोवती उभं. आई गर्दी सारत पुढे गेली, एका पाटीतला रोहू उचलला आणि आपल्या तळहातावर आडवा ठेवला. मासा तळहाताबाहेर आलाच नाही. तिनं पाटीवाल्या बाईला विचारलं, हे लेकरू कुठून उचललंस? बाई म्हणाली, मावशी, घ्यायचं तर घ्या, नायतर मागच्याला जागा द्या. त्यावर आईनं पाणी बंद असताना मासा पाटीत आला कसा, हा विषय काढला आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी रिकामी पिशवी घेऊन बाजूच्या कोथिंबीरवाल्यापाशी उभी राहिले, ही बाई माझी कुणीच नाही असा चेहरा करून. शेवटी आम्ही मेथी घेऊन घरी आलो.

पाणी बंद म्हणजे काय, हे मला शाळेतल्या बायकांनाही दर वर्षी समजावून सांगावं लागतं. त्यांना वाटतं नळाचं. आमचं गाव जेऊरकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पावसाळ्यात नवं पाणी येतं, मासा अंड्यावर असतो, म्हणून तेवढा काळ जाळी टाकायला बंदी. पाणी पुन्हा उघडतं ते श्रावणात. आता ही कुणाच्या डोक्यातली अक्कल आहे, मला माहीत नाही, माशांच्याच असेल. म्हणजे बघा, आखाडात जेव्हा माणसं मासा मिळेल त्या भावानं मागतात, तेव्हा काठावरच्या घरांनी हात बांधून बसायचं. आणि पाणी उघडलं की समोर श्रावण. त्यातून सुटावं तर गणपती. गणपतीतून सुटावं तर पितर. लहानपणी मला वाटायचं, हे सगळे सण आमच्या बापाशी वैर असल्यासारखे एकामागून एक लावलेत. आमचे आप्पा काठावर बसून पाण्याकडे बघत विड्या ओढायचे आणि आई त्यांच्याकडे बघत भाकरी थापायची. त्या दिवसांत घरात कुणी मोठ्यानं हसायचं नाही.

तर, मेथी निवडत बसलेलो असताना दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नामदेव. गावाकडे आप्पांच्या माघारी होडी तोच चालवतो. दर वर्षी पाणी उघडायच्या आधी त्याचा फोन येतो आणि तो एकच वाक्य बोलतो, आईला घेऊन ये, जाळी मोजायचीत. औंदा तो भलतंच बोलला.

"सुमे, औंदा आईला आणू नगं. दवाखान्याचं कायतरी सांग तिला."

मी विचारलं, का? तर म्हणाला, संक्रांतीला आलो तेव्हा मी तिची बोटं बघितलीत. संधिवातानं केवढी सुजलीत. त्या बोटांनी तिनं जाळी मोजली तर काठावरचं एकही पास होणार नाही, लोक बोंबलतील, आणि म्हातारीचा उगाच पानउतारा होईल. शिवाय आपण औंदा सगळी जाळी नवी घेतलीत. जुनी उंदरांनी खाल्ली. पहिल्याच दिवशी नापास झाली, तर दुसरी येईपर्यंत निम्मा हंगाम काठावर बसून जायचा.

मला पटलं. मी गणित शिकवते, सुजलेल्या मापानं मोजमाप करू नये एवढं मला कळतं. मी आईला सांगितलं, या खेपेला राहू दे, डॉक्टर प्रवास नको म्हणालेत. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ पातेल्यात गरम पाणी घेऊन, त्यात मूठभर मीठ टाकून, हात बुडवून बसायला लागली. गॅस संपेल म्हणून मी कटकट केली. ती हात बाहेर काढायची, बोटं एकमेकांना चिकटवून उजेडात धरायची, आणि पुन्हा पातेल्यात. ती बोटं बारीक करत होती. ते बघून मला इतकी चीड आली की मी नळ सोडून उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

आता आईच्या बोटांचा नि जाळ्यांचा काय संबंध, ते सांगायला मला त्या एका पावसाळ्यात जावं लागेल. मी तेव्हा सातवीत होते. आमच्याकडची जाळी तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याची. पाण्यात ती भिंतीसारखी उभी राहतात. मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. जाळ्याच्या भोकाला डोळा म्हणतात. डोळा मोठा असला की लहान मासा निघून जातो, मोठा राहतो. डोळा बारीक असला की सगळंच राहतं, अगदी काल जन्मलेलंसुद्धा. म्हणून डोळा केवढा असावा याचा नियम. त्या नियमासाठी मत्स्यखात्याच्या साहेबांनी मच्छीमारांच्या सोसायटीला एक लाकडी पट्टी दिली होती. पट्टी डोळ्यातून आरपार गेली तर जाळं पास. साहेबांनी ती सगळ्यांसमोर चेअरमनच्या हातात दिली, फोटो काढला आणि जीपमध्ये बसून गेले. लांबून बघावं तर व्यवस्था झकास.

पट्टी एका घरात राहिली तर संशय, म्हणून ती फिरती ठेवली. आज या घरी, पुढच्या आठवड्यात त्या घरी. आणि ज्याच्या घरी जाईल तो रात्री कोयत्यानं तिची कड थोडी तासायचा. थोडीच. कुणालाही वाटायचं, माझ्या एवढ्याशा तासण्यानं काय होतंय. एका हंगामात ती पट्टी सगळा काठ फिरून आली तेव्हा शाळेच्या फुटपट्टीएवढी उरली होती. तिच्या मापानं मच्छरदाणीसुद्धा पास झाली असती. पुढच्या वर्षी पाण्यात मासा राहिला नाही. बोटभर लांबीची चिलापी मासळी आणि शेवाळ. होड्या सकाळी जायच्या आणि दुपारी तशाच हलक्या परत यायच्या. सगळे एकमेकांना शिव्या देत होते आणि प्रत्येकाच्या अंगणात लाकडाचा भुसा पडलेला होता.

मग वेड्या बाभळीखाली बैठक बसली. मी आईच्या पदराआड होते, त्यामुळे सगळं ऐकलं. कुणी म्हणालं, शिंप्याची टेप आणू. त्यावर गाठीच्या आतून मोजायचं का बाहेरून, जाळं ताणून धरायचं का सैल, यात दुपार गेली. दोघांची गचांडी धरून झाली. कुणी म्हणालं, लोखंडी पट्टी मागवू. तर दुसरा म्हणाला, लोखंडाला कानस लागते की. शेवटी सदाकाका, आप्पांचे होडीतले जोडीदार, वैतागून म्हणाले, असं माप काढा जे कुणाच्या बापाला तासता येणार नाही. तेव्हा हातावर गाडी आली. चार बोटं चिकटवून डोळ्यात घालायची, तळव्याकडच्या सांध्यांपर्यंत सरळ गेली तर पास. पण हात कुणाचा? प्रत्येक गड्याचा हात वेगळा, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा हात लबाड वाटायचा. फिरून फिरून नाव आलं ते आईचं. ती जेऊरच्या बाजारात मासे विकायची आणि पाटीत बारीक मासा दिसला की आणणाऱ्याला चारचौघांत सुनवायची, मग तो कुणी का असेना.

लगेच एकानं फाटा फोडला. पारूआक्का नवऱ्याचं जाळं नापास करणार आहे का? आई पुढे आली आणि म्हणाली, पहिलं जाळं ह्यांचंच आणा.

आप्पांनी हसत आणलं. त्यांना वाटलं, बायको आहे. आईनं चार बोटं चिकटवली, डोळ्यात घातली, आणि बोटं मधल्या पेरांवर अडली. तिनं दुसरा डोळा बघितला, तिसरा बघितला. मग हात बाजूला घेऊन म्हणाली, न्हाय जात. आप्पांनी जाळं गोळा केलं, खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालू लागले. त्या हंगामात ते केळीच्या गाड्या भरायला जायचे आणि संध्याकाळी दारात बसून नवं जाळं विणायचे. आईशी बोलणं बंद. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. सुमे, तुझ्या आईला सांग, मीठ कमी हाय. आई दोन हातांवर बसलेली असायची. मी सांगायचे. आई म्हणायची, सुमे, तुझ्या बापाला सांग, घागरीमागं बरणी हाय. पोस्टमनसारखं माझं काम चालायचं आणि त्यात माझा जीव जायचा. मला आईचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या कुणाचं जाळं आधी घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं. ती रात्री पाठ फिरवून रडायची, हे मला माहीत होतं, आणि त्याचाही रागच यायचा.

जाळं पुरं झालं त्या दिवशी आप्पांनी ते तिच्यापुढे टाकलं आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, बघ. बोटं गेली. त्या रात्री मला कुणाचाही निरोप कुणाला द्यावा लागला नाही. आणि तेव्हापासून आमच्या काठाची रीत पडली, जाळी पारूआक्का मोजणार आणि पहिलं जाळं आमच्या घरचं. खात्याला याचा पत्ताही नाही. साहेब बदलत राहिले, त्यांची प्लॅस्टिकची मापं येत राहिली, सोसायटीच्या कपाटात पडत राहिली. आप्पा गेले, आई माझ्याकडे सोलापूरला आली, तरी पाणी उघडायच्या आधी तिला न्यायचं चुकलं नाही. मला मात्र दर वर्षी रजा काढावी लागते, मुख्याध्यापिकाबाई विचारतात, काय काम आहे, आणि मी काय सांगणार, आईची बोटं घेऊन जायचंय?

औंदाही अखेर जावं लागलंच. मी खोटं बोलले हे तिला कळलं होतं. एका सकाळी उठून बघते तर आई नेसून, पिशवी भरून दारात बसलेली. येणार असलीस तर चल, म्हणाली, न्हायतर मला इस्टेशनवर सोड. मी कपाळाला हात लावला, शाळेत फोन केला, आणि आम्ही जेऊरची गाडी धरली. कुर्डुवाडीपर्यंत मी तिला समजावत होते. लोक आता पूर्वीचे राहिले नाहीत, तोंडावर बोलतील. ती खिडकीतून बाहेर बघत बोटं चोळत होती.

काठावर जाळी पसरून ठेवलेली. सदाकाका आता काठी टेकत आलेले. दादानं आईला बघितलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे तोंड केलं. रीतीप्रमाणे पहिलं जाळं त्याचंच. हिरव्या झाकेचं, कोरं, अजून दुकानाचा वास असलेलं. आईनं चार बोटं चिकटवायला घेतली. ती चिकटेनातच, मधे फटी राहत होत्या. तिनं दुसऱ्या हातानं ती दाबून धरली आणि डोळ्यात घातली. बोटं पहिल्याच पेराला अडली. दादा म्हणाला, बघा, मी काय सांगत होतो. तिनं शेजारचं जाळं घेतलं. अडली. मग सदाकाकांच्या पोराचं, जे गेली कित्येक वर्षं पास होतंय. त्यातही अडली. आता कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, आक्का, ह्या मापानं तर मगरच धरावी लागंल. सगळे हसले. आई नाही हसली. ती आपल्या हाताकडे बघत उभी होती, जसं काही तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या सगळ्यांना म्हटलं, लाज वाटत नाही का, एका म्हातारीच्या बोटांवर पाणी चालवताय, सरळ कपाटातलं माप काढा आणि संपवा हे. आणि आईलाही म्हटलं, झालं समाधान? चल आता. त्यावर दादा चटकन म्हणाला, बराबर बोलली सुमी, कपाटातलं माप काढू. तेवढ्यात आईनं माझा उजवा हात धरला. खडूनं कोरडा पडलेला, नेलपॉलिश निम्मं निघालेला माझा हात. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, चार बोटं दाबून एकत्र केली आणि सदाकाकांना दाखवला.

"माजा त्या वक्ताचा हात असाच व्हता की न्हाय, सांगा."

सदाकाकांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, आणि म्हणाले, तंतोतंत.

मी हात सोडवायला बघितला. मला त्यात काडीचा रस नव्हता, मी शिकले ती या वासातून सुटायला. पण लोक माझ्याकडे बघत होते आणि आई हात सोडत नव्हती. पायाशी सदाकाकांच्या पोराचं जाळं होतं, मी चिडून त्यात बोटं घातली. ती सरळ आत गेली, सांध्यांपर्यंत, अलगद. शेजारच्या जाळ्यात घातली. तीही गेली. गर्दी ढिली पडली, कुणी तंबाखू काढली. राहिलं होतं दादाचं.

मी बोटं घातली आणि ती मधल्या पेरांवर थांबली.

मला वाटलं, माझंच चुकतंय. दुसरा डोळा घेतला. तिथंही तेच. कोरा तंगूस चामडीत रुतत होता. आणि तेव्हा मला तो फोन आठवला. आईची बोटं सुजलीत, तिला आणू नगं. तिच्या पानउताऱ्याची केवढी काळजी होती त्याला. माझी बोटं सुजलेली नव्हती.

करंगळी थोडी दुमडली असती तर हात गेला असता. कुणाला दिसलंही नसतं, माझी पाठ लोकांकडे होती. फक्त दादा समोर होता, आणि तो माझ्या करंगळीकडेच बघत होता. ह्या माणसानं मी कॉलेजात असताना रोज पहाटे मला सायकलवर डबलसीट बसवून जेऊर स्टेशनात सोडलंय, पावसात, चिखलात, तोंडातून एक शब्द न काढता. ह्याच्या घरात औंदा चूल ह्याच जाळ्यावर पेटणार होती. मी आईकडे बघितलं, तिनं काही सांगावं म्हणून. तर ती बाई पाण्याकडे तोंड करून उभी. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की मागाहून रडली तरी त्या दिवशी 'न्हाय जात' म्हणणं तिला सोपं गेलं असेल, स्वभावच कडक. तिथं उभी राहून मला रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून आणखी राग आला, तिचा, दादाचा, साहेबांचा, त्या पट्टीला पहिल्यांदा कोयता लावणाऱ्याचा.

"जात नाही, दादा," मी म्हटलं.

त्यानं जाळं गोळा केलं. खांद्यावर टाकलं. तो चालायला लागला तेव्हा पाठीमागून थेट आप्पांसारखा दिसत होता. त्या रात्री वहिनीनं जेवायला वाढलं, दादा बाहेरच झोपला. परतीच्या गाडीत मी आईला तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुझ्या पायी माझा भाऊ तुटला, आता मला कुणाच्या लग्नाकार्यात बोलावतील का ते बघ. ती सगळं ऐकून घेत होती. होटगीकडं जाणारी कानडी बोलणारी बाई समोर बसली होती, तिनं मधेच मला पाणी दिलं. आई तेवढंच म्हणाली, तुझा बाप बी बोलत नव्हता.

श्रावण गेला. गणपती बसले नि उठले. दादाचा फोन नाही. मी केला तर वहिनी उचलायची आणि म्हणायची, केळीच्या गाडीवर गेलेत. आखाड-श्रावणाच्या नावानं मी रोज खडे फोडत होते. वर्गात फळ्यावर लिहिताना माझं लक्ष माझ्याच बोटांकडे जायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बोटात घालायला अंगठी दाखवली तर मी घालून बघायलासुद्धा घाबरले, बोट जाड झालं तर काय. आई तर रोज ताटात भात कमी वाढायला लागली. मला, स्वतःला नाही. बोटं जाड करू नगंस, म्हणाली. या बाईचं काय करावं?

काल मधल्या सुट्टीत मोबाइल वाजला. दादाचा मेसेज. शब्द नाही, नुसता फोटो. कोरं पांढरं जाळं, आणि त्याच्या एका डोळ्यातून आरपार आलेली चार बोटं. पण बोटं त्याची, स्वतःची. जाडजूड, नखांत काळं साठलेली, माझ्या दुप्पट. तीसुद्धा सांध्यांपर्यंत सैल गेलेली. मी तो फोटो मोठा करून बघितला, पुन्हा बघितला, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर डोळे पुसले. घंटा झाली तरी मला उठवेना.

मग मात्र डोकं ठिकाणावर आलं. माप ठरलंय माझ्या हाताचं, मग ह्यानं आपला पंजा मधे घालायचं काय कारण? असंच एकेकानं सुरू केलं की पुन्हा भुसा पडायला लागेल अंगणात. मी लिहिलं, रविवारी येते, मी बघितल्याशिवाय पाण्यात टाकू नको. आणि रजेचा अर्ज मागायला मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.